रेसच्या होमरांना पाणी, औषध आणि टॉनिक: आधी काय पाहावं

कळव्याच्या एका तरुण शौकिनाने विचारलं आहे. त्यांच्या गच्चीवर वीस-बावीस होमर, म्हणजे रेसची कबुतरं, आहेत. डिसेंबरात पाखरं झकास उडत होती, पडघा आणि शहापूरच्या टॉसवरून (सरावासाठी लांब नेऊन सोडलं की) एकत्र परतत होती. फेब्रुवारीच्या मध्यापासून तीच पाखरं उशिरा येतात, आल्याबरोबर पाण्याच्या भांड्याला चिकटतात आणि दुसऱ्या दिवशीही पिसं फुगवून बसून राहतात. एका जाणत्याने त्यांना यादी करून दिली आहे: मल्टिव्हिटॅमिन, लिव्हर टॉनिक, अमिनो, कॅल्शियम, इलेक्ट्रोलाइट, आठवड्यातून दोन दिवस 'थ्री-इन-वन' पावडर आणि रेसच्या आदल्या दिवशी ग्लुकोज. यातलं काय कोणत्या वारी द्यायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

दादा, वार ठरवण्याआधी ती यादी बाजूला ठेवा. सीझनच्या उत्तरार्धात आपल्या ठाण्याच्या हवेत पाखरू पडतं, त्यामागे माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात. एक, पाखरू आतून सुकतंय. दोन, घशात कँकर (कबुतरांचा एक संसर्गजन्य रोग) आहे आणि तो कुणी तपासलेला नाही. या दोन्हींवर टॉनिकचा उपयोग नाही, आणि टॉनिकच्या नादात खरं कारण शोधायचं राहून जातं. म्हणून आधी पाण्याबद्दल लिहितो.

होमरचं वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतं आणि अंगाचं तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस. त्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. उडताना तयार झालेली उष्णता तो श्वासातून, घशाच्या ओल्या त्वचेतून आणि काही प्रमाणात अंगाच्या कातडीतून पाण्याची वाफ करून बाहेर टाकतो. लांबच्या उड्डाणात त्याचं मुख्य इंधन चरबी असतं. एक ग्रॅम चरबी जळली की शरीरात एक ग्रॅमहून थोडं जास्तच पाणी तयार होतं. डिसेंबरच्या थंड सकाळी हे आतलं पाणी बरीचशी तूट भरून काढतं, त्यामुळे पाखरू घरी येतं तेव्हा त्याला जेमतेम तहान असते. फेब्रुवारीत अकरा वाजता ऊन तापायला लागलं की जितकं पाणी आत तयार होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वाफ होऊन जातं. पाखरू तेच असतं, अंतरही तेच, पण हिशेब उलटा होतो.

त्यात आपल्याकडचा वारा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असतो, तो कसारा-शहापूरकडून येणाऱ्या पाखराच्या पाठीशी असतो. दुपारकडे समुद्रावरून वारा सुरू झाला की तो थेट तोंडावर येतो. टेम्पोला उशीर झाला, पाखरं नऊऐवजी अकराला सोडली, तर त्यांना ऊन आणि समोरचा वारा दोन्ही एकदम भोवतात. फेब्रुवारीनंतर टॉस सूर्य वर येताच सोडा. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो, तो तुमच्या यादीतल्या कुठल्याही बाटलीने पडणार नाही.

पाखरू सुकलं आहे की नुसतं दमलं आहे, हे हातात घेऊन कळतं. छातीच्या हाडाच्या बाजूची पिसं फुंकून बाजूला करा आणि कातडी अंगठ्याने हलकेच सरकवा. तब्येतीत असलेल्या पाखराची कातडी मांसावरून सहज सरकते, मांस गुलाबी दिसतं आणि वर पांढरी कोंड्यासारखी बारीक पापुद्री असते. सुकलेल्या पाखराची कातडी मांसाला चिकटल्यासारखी वाटते, सुरकुती पडते ती लगेच उलगडत नाही आणि मांस निळसर-लालसर, गडद दिसतं. मग चोच उघडून घसा बघा. टाळू आणि जिभेमध्ये लाळेची चिकट तार ताणली गेली तर पाणी कमी आहे. डोळा थोडा आत गेलेला आणि नाकावरचं पांढरं (चोचीच्या मुळाशी असलेला पांढरा फुगवटा) मळकट झालेलं असेल तर पाखराला पुढच्या आठवड्यात रेसला नेण्याच्या टोपलीत घालू नका. अशा पाखराला सावरायला एक दिवस पुरत नाही.

तुमच्या ढाबळीतल्या पाण्याच्या भांड्याकडे आता नीट बघा. कबूतर कोंबडीसारखं चोचीत थेंब घेऊन मान वर करत नाही. ते चोच बुडवून सलग ओढून पितं. त्यासाठी भांड्यात किमान दोन-तीन सेंटिमीटर खोल पाणी हवं. उथळ ताटलीत ते अर्धवट पितं. दिवसाचं पाणी थंडीत साधारण ४० मिलिलिटरच्या आसपास असतं, उन्हाळ्यात ते दुपटीवर जातं, आणि पिल्लांना भरवणारी जोडी त्याहून जास्त पिते. खाणं झाल्यावर ती सगळ्यात जास्त पितात, म्हणून दाणा टाकण्याआधी ताजं पाणी भरलेलं असावं.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. ते थेट भांड्यात सोडलं तर पाखरं चोच लावून मागे सरतात. मी पाणी आदल्या रात्री मातीच्या माठात भरून ठेवतो. ते गार राहतं आणि पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीनही बरंचसं उडून जातं. भांडं सावलीत ठेवा आणि रोज आतून बोट फिरवून बघा. बोटाला बुळबुळीत थर लागला तर नुसतं विसळून चालणार नाही, ब्रशने घासावं लागेल. त्या थरात जिवाणू राहतात आणि वर टाकलेलं औषधही त्यातच मुरतं. भांडं जाळीच्या आत असावं. गच्चीवरचे मोकळे पारवे तुमच्या भांड्यात पाणी प्यायले तर कँकर तुमच्या घरी चालत येतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण करतात. तरुण पाखरांना टोपलीत बसून टोपलीच्या बाहेर लावलेल्या पन्हाळीतून पाणी प्यायला शिकवा. सीझनआधी दोन-तीन रात्री त्यांना टोपलीत ठेवा आणि पन्हाळीत पाण्यावर चार दाणे बाजरीचे तरंगत ठेवा, म्हणजे चोच तिकडे जाते. जे पाखरू हे शिकलेलं नसतं ते गाडीत रात्रभर पाण्यासमोर तहानलेलं बसतं आणि सकाळी अर्धं सुकलेलं असतानाच सुटतं. तुमची पाखरं आल्या आल्या भांड्याला चिकटतात ना, त्यातली काही नक्की अशी असतील.

इलेक्ट्रोलाइट मी देतो, पण परत आल्यावर. केमिस्टकडे मिळणारी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी साडेवीस ग्रॅमची असते आणि माणसासाठी एक लिटर पाण्यात घालायची असते. ते सूत्र जुलाबात मीठ गेलेल्या माणसासाठी आहे. कबुतराचं मीठ घामातून जात नाही, म्हणून मी तीच पुडी दोन लिटर पाण्यात घालतो. आल्यावर पहिले तीन-चार तास ते पाणी ठेवायचं आणि मग साधं. दिवसभर फक्त खारं पाणी समोर ठेवू नका. पक्ष्यांचं मूत्रपिंड जादा मीठ फार पेलत नाही. रेसच्या आदल्या दिवशी साधं पाणीच बरं. ओळखीच्या चवीचं पाणी ते पोटभर पितात, अनोळखी चवीचं थोडंच पितात.

ग्लुकोजबद्दल स्पष्ट सांगतो. आदल्या दिवशीच्या ग्लुकोजने लांबची रेस जिंकता येत नाही, कारण त्या पाखराचं इंधन चरबी आहे. उलट आपल्या दमट उकाड्यात साखरेचं, गुळाचं किंवा मधाचं पाणी काही तासांत आंबतं आणि त्यात यीस्ट वाढतं. दमून आलेल्या पाखराला दोन तास ग्लुकोजचं पाणी द्यायला माझी हरकत नाही, पण दोन तासांनी ते ओतून भांडं धुवा.

तहान जास्त लागणं म्हणजे नेहमी उन्हाने सुकणंच असं समजू नका. सकाळी ढाबळीत फळीवर पांढरा कागद अंथरून शीट बघा. घट्ट, गोल, वर पांढरी टोपी आणि त्याला चिकटलेलं एखादं बारीक पीस, अशी शीट चांगल्या पाखराची. मधे घट्ट गोळी आणि भोवती स्वच्छ पाण्याचं डबकं असेल तर तो जुलाब नव्हे. ते मूत्रपिंडातून येणारं पाणी आहे. असं पाखरू खूप पाणी पीत असेल, दाणा टिपताना नेम चुकत असेल किंवा मान किंचित वाकडी होत असेल, तर पॅरामिक्सोव्हायरस या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या आणि ते पाखरू त्याच मिनिटाला वेगळं करा. त्यावर औषध नाही. लस आधी दिलेली असावी लागते. आपल्याकडे बहुतेक जण लासोटा या लसीचे थेंब देतात. ते सीझन सुरू होण्याच्या महिना-दीड महिना आधी झालेले हवेत आणि रेस चालू असताना देऊ नयेत. लासोटा पाण्यातून देणार असाल तर क्लोरीनच्या पाण्यात जिवंत लस मरते हे लक्षात ठेवा. माझा भर डोळ्यात थेंब घालण्यावर आहे, कारण कोणत्या पाखराला किती गेलं हे तेव्हाच कळतं.

आता औषधांकडे येतो. कँकर हा ट्रायकोमोनास गॅलिनी नावाच्या एकपेशीय जीवामुळे होतो. तो पाण्याच्या भांड्यातून, नर-मादीच्या चोचीतून आणि पिल्लांना भरवताना पसरतो. सगळेजण घशातला पिवळा, चीजसारखा गोळा शोधतात आणि तो नसला की निश्चिंत होतात. रेसच्या पाखराला मारणारा कँकर बहुधा दिसतच नाही. घसा किंचित लाल, थोडी जास्त लाळ, बाकी सगळं ठीक, आणि पाखरू मात्र अंतर वाढलं की मागे पडतं. पाणी कमी पडलेलं, टोपलीत कोंडलेलं, दमलेलं पाखरू असेल तर त्या जीवांची संख्या झपाट्याने वाढते. तुमचं वर्णन वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं.

हे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतं आणि ते अवघड नाही. कापसाचा बोळा कोमट सलाइनमध्ये भिजवायचा, पाखराच्या घशातून गळ्याच्या पिशवीपर्यंत हलकेच फिरवायचा, काचपट्टीवर एक थेंब पिळून वर पातळ काच ठेवायची आणि लगेच ४०० पट मोठं करून बघायचं. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. थेंब गार झाला की ते जीव हलायचे थांबतात आणि मग काहीच ओळखू येत नाही. जिवंत असताना ते झटके देत, गिरक्या घेत पळतात. एकदा पाहिले की विसरत नाही. संपूर्ण दृश्यात एखाददुसरा दिसला तर मी पाखराला हात लावत नाही. तरुण वयात थोडी लागण झालेली पाखरं त्यातूनच प्रतिकारशक्ती कमावतात. प्रत्येक दृश्यात गर्दी दिसली तर सगळ्या ढाबळीला एकाच वेळी औषध, कारण भांडं एकच आहे.

औषध कोणतं आणि किती, हे पक्ष्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याने ठरवावं. कार्निडाझोलची १० मिलिग्रॅमची एक गोळी एका प्रौढ पाखराला एकदाच, ही पद्धत जगभर रूढ आहे आणि तिचा मोठा फायदा म्हणजे मोजून डोस जातो. रोनिडाझोल पाण्यातून देतात. मेट्रोनिडाझोल आपल्याकडे सहज मिळतं, पण ते कडू आहे. पाण्यात घातलं की पाखरं कमी पितात, म्हणजे औषध अपुरं जातं आणि पाखरू वर आणखी सुकतं. उन्हाळ्यात आधीच तहानलेल्या पाखराला कडू पाणी देणं मला पटत नाही; द्यायचंच तर एकेका पाखराला तोंडाने द्यावं.

पाण्यातून दिलेल्या औषधाचा हिशेब इथेच गडबडतो. पाकिटावर 'एक लिटरला अमुक ग्रॅम' असं लिहिलेलं असतं. जानेवारीत पाखरू ४० मिलिलिटर पितं आणि एप्रिलमध्ये ८० पितं, म्हणजे त्याच मिश्रणातून एप्रिलमध्ये दुप्पट औषध जातं. या गटाची औषधं जास्त झाली की मज्जासंस्थेवर परिणाम होतो. पाखरू डोलतं, उडताना तोल जातो. म्हणून औषध सुरू करण्याआधी दोन दिवस सकाळी पाणी मोजून भरा, संध्याकाळी उरलेलं मोजा आणि पाखरांच्या संख्येने भागा. तो आकडा डॉक्टरांना सांगा. याला पाच मिनिटं लागतात आणि मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यांचा औषधाकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला.

आता ती 'थ्री-इन-वन' पावडर. कँकर, कॉक्सिडिया (आतड्यातले परजीवी) आणि श्वसनाचा त्रास, तिन्हींवर थोडंथोडं. आठवड्यातून दोन दिवस दिल्याने कुठलाच रोग पुरता मरत नाही, उरलेले जंतू मात्र त्या औषधाला सरावतात. आतड्यातले चांगले जिवाणू दर आठवड्याला मरतात ते वेगळंच, आणि मग यीस्ट वाढतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत कँकरची जुनी औषधं लागू पडत नाहीत अशी तक्रार मी वाढती ऐकतो आहे. ही पावडर आजच बंद करा. तुमच्या यादीत सगळ्यात जास्त नुकसान करणारी वस्तू हीच आहे.

श्वसनाचा त्रास असेल तर एका डोळ्यातून पाणी, नाकावरचं पांढरं काळवंडणं, रात्री ढाबळीत कान लावला की घरघर, अशी लक्षणं दिसतात. डॉक्सिसायक्लिन लिहून मिळालं तर ते दिवस पूर्ण करा आणि त्या काळात ग्रिट (दाण्यासोबत द्यायचं चुऱ्याचं मिश्रण), शिंपल्यांचा चुरा, कॅल्शियम सगळं काढून ठेवा. टेट्रासायक्लिन गटाचं औषध कॅल्शियमला चिकटतं आणि शरीरात न शिरता बाहेर पडतं. घोडबंदर रोडवर टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी हेच औषध बाटलीबंद किंवा फिल्टरच्या पाण्यात द्यावं. औषध चाललेलं पाखरू रेसला पाठवू नये, आणि औषध संपल्यावर निदान एक आठवडा हलक्या टॉसवरच ठेवावं.

कॉक्सिडियाची आपल्याकडे खरी वेळ पावसाळा. ओल्या फळीवर त्याची अंडी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. कोरडी फळी हा त्यावरचा अर्धा उपाय आहे. टोल्ट्राझुरिल द्यायचं झालं तर ते व्हिनेगरच्या पाण्यात घालू नका, ते अल्कली स्वरूपाचं असतं आणि आंबट पाण्यात साका धरतं. अँप्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल करून काम करतं, म्हणून ते चालू असताना बी-कॉम्प्लेक्स दिलं तर औषध निकामी होतं. आधी अँप्रोलियम पुरं करा, मग बी-कॉम्प्लेक्स. तुमच्या यादीप्रमाणे सगळं एकत्र चाललं असतं तर हेच घडलं असतं.

जंतांबद्दल एक इशारा, तोही कळकळीने. शेळ्यामेंढ्यांसाठी मिळणारं फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल कबुतराला देऊ नका. कोंबडीला फेनबेंडाझोल चालतं, पण कबुतराच्या अस्थिमज्जेवर ते घातक परिणाम करू शकतं, आणि पिसं येत असताना दिलं तर नवी पिसं वेडीवाकडी येतात. लेव्हामिसोलने पाखरं ओकतात पण बरी होतात. ते सकाळी उपाशीपोटी द्यावं.

दुखण्यावरच्या माणसांच्या गोळ्यांनाही हात लावू नका. डायक्लोफेनॅकने आपल्या देशातली गिधाडं जवळपास संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मांजाने पंख कापला, वेदना आहे, तर डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात. ते पक्ष्यांना मानवतं. आणि पिसं झडू नयेत, दम टिकावा म्हणून स्टेरॉइडचे थेंब डोळ्यात घालणारे लोक आहेत. त्याने पिसं झडणं थांबतं आणि प्रतिकारशक्तीही बसते. पुढच्या महिन्यात तेच पाखरू कँकरने जातं. बेल्जियममध्ये या औषधांवर बंदी आहे, तरी २०१३ साली तिथल्या २० पाखरांचे नमुने दक्षिण आफ्रिकेत तपासले तेव्हा सहांमध्ये बंदी असलेलं काही ना काही सापडलं, त्यात कोकेनसुद्धा होतं. हा शौक पाखरावरच्या मायेने करायचा असतो. जे पाखरू जीव तोडून घरी येतं, त्याच्याशी असं वागणाऱ्याच्या ढाबळीत मी पाय ठेवत नाही.

मग यादीतल्या बाकीच्या बाटल्यांचं काय करायचं?

मल्टिव्हिटॅमिन पिसं झडण्याच्या काळात आणि जोड्या बसवताना आठवड्यातून एकदा दिलं तर उपयोग होतो. रेसच्या दिवसांत महिन्यातून दोनदा पुरे. ए आणि डी-३ शरीरात साठतात, म्हणून रोज देणं धोक्याचं. व्हिटॅमिनचं पाणी पारदर्शक भांड्यात उन्हात ठेवू नका, बी-२ उजेडात नष्ट होतं. सकाळी ठेवून दुपारी ओतून टाका.

लिव्हर टॉनिक मी देत नाही. लोक ते औषधांचा कोर्स झाल्यावर देतात. कोर्सच कमी केले तर त्याची गरज उरत नाही. अमिनोचंही तसंच. ज्या पाखराला मूग, वाटाणा, मसूर मिळतो त्याला रेसनंतर स्नायू भरून काढायला लागणारं प्रथिन दाण्यातूनच मिळतं. त्याऐवजी मी ब्रूअर्स यीस्ट वापरतो. एक किलो दाण्याला एक चमचा करडईचं तेल चोळायचं आणि त्यावर यीस्टची पूड भुरभुरायची, रेसनंतरच्या दोन दिवशी. तेल लावलेला दाणा त्याच दिवशी संपवायचा. आपल्या दमट हवेत तो दुसऱ्या दिवशी खवट होतो.

एल-कार्निटिनबद्दल विचारणारे वाढले आहेत. चरबी पेशीतल्या भट्टीपर्यंत नेण्याचं काम ते करतं आणि कबुतरांवर त्याचे प्रयोगही झाले आहेत. लांब पल्ल्याच्या पाखराला त्याचा थोडा उपयोग होत असावा असं माझं मत आहे. पण १५०-२०० किलोमीटरच्या रेससाठी त्यावर पैसे घालू नका.

सफरचंदाचं व्हिनेगर लिटरला ५ मिलिलिटर, आठवड्यातून एकदा, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात कधीही नाही, आंबट पाण्यात जस्त उतरतं. त्याने भांड्यातली घाण कमी वाढते, एवढीच माझी त्याच्याकडून अपेक्षा आहे.

कॅल्शियमची बाटली अंडी घालणाऱ्या मादीसाठी ठेवा. बाकीच्यांना चांगलं ग्रिट पुरतं: शिंपल्यांचा चुरा, विटेचा बारीक चुरा, थोडा लाकडी कोळसा, थोडं मीठ. दमट हवेत ग्रिट ओलं होतं, पाखरं त्याला तोंड लावत नाहीत. थोडं थोडं रोज ताजं टाका. ठाणे खाडीच्या काठच्या शिंपल्या उचलून कुटू नका, त्या पाण्यात कारखान्यांचं सांडपाणी मिसळत आलं आहे.

दाण्याची मांडणी अशी ठेवा. रेसवरून आल्यावर आधी पाणी, मग अर्ध्या तासाने मूठभर बाजरी आणि राळा, संध्याकाळी मूग-वाटाण्यासह नेहमीचा दाणा. सोमवार-मंगळवार हलकं, जव आणि साळ जास्त. बुधवारपासून मका वाढवायचा. २५० किलोमीटरच्या पुढची रेस असेल तर शेवटचे दोन दिवस प्रत्येकी पाच-सहा कच्चे शेंगदाणे. कमी अंतराला शेंगदाणे नकोत, पाखरू जड होतं. शेंगदाणा आणि मका घेताना वाशीच्या एपीएमसीतल्या धान्यबाजारात जा, पण मूठ नाकाशी धरून बघा. कुबट वास, हिरवट बुरशी, आतून काळी पडलेली बी दिसली तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाव घालतं, आणि त्यावर कुठलंही लिव्हर टॉनिक चालत नाही. पावसाळ्यात महिन्याचा साठा करू नका.

तुमच्या छातीचाही विचार करा. कबुतरांची वाळलेली शीट आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून वाद झाला तेव्हा हा विषय घराघरात पोचला, पण शौकिनांनी तो आधीच गंभीरपणे घ्यायला हवा होता. साफसफाई करताना एन-९५ मास्क लावा, शीटवर आधी थोडं पाणी शिंपडा आणि मग खरवडा, घरातल्या लहान मुलांना त्या वेळी गच्चीवर येऊ देऊ नका. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, संध्याकाळी बारीक ताप असं काही असेल तर डॉक्टरांना कबुतरं पाळतो हे आपणहून सांगा.

आता या आठवड्यात तुम्ही काय करायचं ते सांगतो. सगळ्या बाटल्या बंद. दोन दिवस पाणी मोजा. कागदावरची शीट सकाळी बघा आणि सगळ्या पाखरांची मिळून दोन चमचे ताजी शीट डबीत घ्या. मागे पडणारी चार पाखरं निवडून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि घशाचा बोळा तिथेच, तुमच्यासमोर काचेखाली बघायला सांगा. जवळ कुणी नसेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासून चालू असलेलं. मधे एखादं पाखरू गेलंच तर ते बर्फासोबत गार ठेवून त्याच दिवशी शवविच्छेदनाला न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या पाखराच्या पेशी फुटतात आणि तपासणीत फारसं काही कळत नाही.

बोळ्यात गर्दी निघाली तर सगळ्यांना एकदम औषध, भांडी उकळत्या पाण्याने, आणि दहा दिवसांनी पुन्हा त्याच चार पाखरांचा बोळा. काही निघालं नाही आणि शीटही चांगली असेल, तर औषधाचा विचार सोडा. टॉस सकाळी लवकर सोडा, टोपलीतलं पाणी प्यायला शिकवा आणि ज्या पाखरांची कातडी मांसाला चिकटते त्यांना या सीझनपुरतं घरी ठेवा. बोळ्यात काय दिसलं आणि पाण्याचा आकडा किती निघाला ते मला कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.